हरण्यासाठी धावणारा ससा

ही गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. ऐकली नसेल तर एखाद्या रीलवर, मागे पियानो वाजत असताना, पाहिली तरी असेल.

एक मैल चार मिनिटांच्या आत धावणं माणसाला शक्यच नाही, असं म्हणे सगळं जग मानत होतं. डॉक्टर सांगायचे, प्रयत्न केलात तर हृदय फुटेल. मग १९५४ साली रॉजर बॅनिस्टर नावाचा एक तरुण आला. त्याने स्वतःवर विश्वास ठेवला आणि ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण केला. पुढची कडी अशी की त्यानंतर वर्षभरातच सदतीस जणांनी (काही रील्समध्ये तीनशे जणांनी) तेच करून दाखवलं. पाय तेच, मैल तोच. मग बदललं काय? मन! भिंत मैदानावर नव्हतीच, ती डोक्यात होती.

मी ही गोष्ट पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ऐकली, प्लेसमेंटआधीच्या 'सॉफ्ट स्किल्स'च्या तासाला. नोकरी लागल्यावर आणखी तीनदा. दर वेळी सांगणारा वेगळा होता आणि शेवटी डोक्याला बोट लावून घेतलेला पॉज मात्र तोच.

या गोष्टीतला मैल खरा, वेळ खरी, माणूस खरा. बाकी बरंचसं खोटं आहे. पण नुसतं 'फॅक्ट चेक' करून मला थांबायचं नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा एक खोटी गोष्ट ऐकून शंभर माणसं जोमाने कामाला लागत असतील, तर ती सांगायला हरकत काय? गोष्टच तर आहे. लहानपणी ससा-कासव ऐकताना 'सशाचा वेग किती, पुरावा काय' असं कुणी विचारलं होतं का?

मला हरकत आहे. ती नेमकी कशाला आहे, हे सांगण्यासाठी आधी त्या संध्याकाळी इफ्ली रोडच्या मैदानावर जायला हवं.

त्याआधी भिंतीबद्दल थोडं. मैल म्हणजे १७६० यार्ड, आपल्या मापात १६०९ मीटरच्या किंचित पुढे. तेव्हाच्या इंग्रजी मैदानांवर एक फेरी ४४० यार्डांची असायची, म्हणजे चार फेऱ्यांचा एक मैल. चार फेऱ्या, चार मिनिटं. एका फेरीला एक मिनिट. आकडे इतके सुबक जुळले म्हणून ती 'भिंत' झाली. शरीराला यार्ड कळत नाहीत आणि मिनिटंही कळत नाहीत. उरलेलं जग तेव्हाही मुख्यतः पंधराशे मीटर धावत होतं आणि तिथे असा कुठलाच गोल आकडा आडवा आला नव्हता. (आपणही किलोमीटरच्या रस्त्यावरून गाडी चालवत 'मैलाचा दगड' म्हणतोच.)

शिवाय ही भिंत शतकानुशतकं अभेद्य वगैरे उभी नव्हती. १९३७ साली इंग्लंडच्या सिडनी वूडरसनचा विक्रम होता ४:०६.४. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. अर्ध्या युरोपातले धावपटू खंदकांत असताना तटस्थ स्वीडनमध्ये गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन हे दोघे एकमेकांना मागे टाकत राहिले. १९४२ ते १९४५ या काळात विक्रम ४:०६ वरून ४:०१.४ वर आला. तीन वर्षांत पाच सेकंद. त्यानंतर पैसे घेतल्याच्या कारणावरून दोघांवर बंदी आली आणि हेगचा ४:०१.४ हा आकडा जवळजवळ नऊ वर्षं तसाच राहिला. ती नऊ वर्षं बघून लोक म्हणतात, बघा, भिंत! मला तिथे युद्धातून सावरणारं जग दिसतं आणि शर्यतीबाहेर काढलेली दोन सर्वोत्तम माणसं दिसतात.

४:०१.४ आणि ४:०० यांत फरक १.४ सेकंदांचा. त्या वेगाला ते अंतर साडेनऊ मीटरच्या आत भरतं. डॉक्टर काय म्हणायचे, याबद्दल सांगायचं तर बॅनिस्टर स्वतःच वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी होता. इतकंच नाही, तर व्यायामाच्या वेळी श्वसनाचं काय होतं यावर तो संशोधन करत होता, लोकांना आणि स्वतःला ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवून, जादा ऑक्सिजनची हवा देऊन. त्यावरचा त्याचा निबंध शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात त्याच वर्षी, १९५४ मध्ये, छापून आला. चार मिनिटांपाशी शरीरात काही दरवाजा वगैरे बंद होत नाही, हे त्या काळात सगळ्यात नीट ज्यांना माहीत होतं, त्यांच्यापैकी तो एक होता.

तर, ६ मे १९५४, गुरुवार. बॅनिस्टर पंचवीस वर्षांचा. सकाळी तो लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये होता. तिथल्या प्रयोगशाळेतल्या सहाणेवर त्याने बुटांचे खिळे घासून धारदार केले, राखेच्या ट्रॅकची माती चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट लावलं आणि पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डची गाडी पकडली. गाडीत फ्रान्झ स्टॅम्फल भेटला. हा ऑस्ट्रियन प्रशिक्षक. बॅनिस्टर आयुष्यभर स्वतःच स्वतःचा प्रशिक्षक राहिलेला, जरा हेकट म्हणावा असा. पण त्या हिवाळ्यात तो स्टॅम्फलच्या सल्ल्याने आणि दोन मित्रांच्या सोबतीने सराव करू लागला होता. ते दोन मित्र म्हणजे ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे.

सरावाची पद्धत अशी: एक फेरी जोरात, मग दोन मिनिटं विश्रांती, असं दहा वेळा. हिवाळाभर प्रत्येक फेरीची वेळ हळूहळू खाली आणत नेली आणि वसंतात ती ६१ सेकंदांवर येऊन अडकली. काही केल्या हलेना. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर सगळं सोडून स्कॉटलंडला कडे चढायला निघून गेले. परत आले आणि दहा फेऱ्या ५९ सेकंदांनी धावले. (रात्री दोनपर्यंत न सापडलेला बग सकाळी दात घासताना सापडतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी आणखी काही सांगायला नको.)

संध्याकाळी सहाची शर्यत. ऑक्सफर्ड विद्यापीठ विरुद्ध अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन असा रीतसर सामना. दिवसभर वारा इतका की प्रयत्न करायचा की नाही हेच ठरत नव्हतं. मैदानापलीकडच्या चर्चवर एक झेंडा फडकत होता आणि बॅनिस्टर त्याच्याकडे बघत होता. शर्यतीच्या थोडं आधी झेंडा ढिला पडला. तिघांनी ठरवलं, जाऊ या.

ब्रॅशरने पहिल्यांदा बंदुकीच्या आधीच पाय उचलला. फॉल्स स्टार्ट. दुसऱ्यांदा नीट सुटले. ब्रॅशर पुढे, त्याच्या मागे बॅनिस्टर, त्याच्या मागे चॅटवे. पहिल्या फेरीतच बॅनिस्टरला वाटलं की वेग फार कमी आहे. तो मागून ओरडला, जोरात! ब्रॅशरने वेग वाढवला नाही. फेरी संपली तेव्हा घड्याळात ५७.५ सेकंद होते, म्हणजे ठरल्यापेक्षा किंचित जोरातच. विश्रांती घेऊन आलेले पाय इतके हलके झाले होते की बॅनिस्टरला स्वतःचा वेगच कळत नव्हता. त्या क्षणी ब्रॅशर बधला असता तर पुढच्या दोन फेऱ्यांत सगळं संपलं असतं. हे बॅनिस्टरनेच नंतर मोकळेपणाने लिहिलं आहे.

अर्धा मैल १:५८ च्या आसपास. ब्रॅशर दमू लागला तसा चॅटवे पुढे आला आणि त्याने पाऊण मैलापर्यंत ओढत नेलं. तीन फेऱ्यांना तीन मिनिटं आणि अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. शेवटच्या फेरीतही चॅटवेच पुढे होता. फेरीचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग उरला असताना बॅनिस्टरने त्याला ओलांडलं. तिथून पुढे तो एकटा. फीत तोडली आणि कोसळला. नॉरिस मॅक्वर्टर माइकवर निकाल वाचायला लागला, मुद्दाम लांबण लावत. 'थ्री...' एवढाच शब्द लोकांना ऐकू आला. पुढचं सगळं आरड्याओरड्यात बुडालं.

उठून उभं राहता आल्यावर बॅनिस्टरने काय केलं, तर ब्रॅशर आणि चॅटवेला धरलं आणि तिघे मिळून मैदानाला फेरी मारायला निघाले.

आता हिशोब करा. अख्ख्या मैलातला जेमतेम सहावा-सातवा हिस्सा बॅनिस्टर पुढे होता. उरलेला सगळा वेळ त्याच्यापुढे कुणीतरी वारा कापत होतं. त्याहून मोठं म्हणजे, वेगाचा निर्णय दुसरं कुणीतरी घेत होतं. धावण्याच्या जगात अशा माणसाला पेसमेकर म्हणतात आणि बोलीत 'ससा'. आपल्या गोष्टीतला ससा गर्वाने झोपतो म्हणून हरतो. हा ससा ठरवून पुढे पळतो आणि ठरवून हरतो.

रीलमध्ये ससे नसतात. रीलमध्ये एक माणूस असतो आणि त्याचा विश्वास.

आता 'वर्षभरात सदतीस जण' या भागाकडे. ६ मे १९५४ पासून बरोबर एक वर्ष मोजलं तर चार मिनिटांच्या आत मैल धावलेली बॅनिस्टरखेरीज माणसं किती? एक. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी. तो गडी १९५२ च्या डिसेंबरपासून पुन्हा पुन्हा ४:०२ च्या घरात धावत होता, बहुतेक वेळा स्वतःच्या देशात, जिथे त्याला गाठू शकेल असं कुणी नव्हतं. चार मिनिटं म्हणजे आपल्यासाठी भिंत आहे, असं तोही वैतागून म्हणाला होता. रीलवाल्यांच्या बाजूने काही असेल तर ते हे एवढंच, आणि ते मी लपवणार नाही. १९५४ च्या मोसमात तो युरोपात आला. बॅनिस्टरने भिंत पाडल्याची बातमी तोवर सगळीकडे पोचली होती. मन मोकळं झालं असेल तर आता वेळ खाली यायला हवी. तो धावला ४:०१.६.

मग २१ जूनला फिनलंडमधल्या तुर्कूला तो ३:५७.९ धावला (तेव्हाच्या नियमाने आकडा वर ढकलून नोंद ३:५८.० अशी झाली). नवा विश्वविक्रम, बॅनिस्टरनंतर ४६ दिवसांनी. या वेळी वेगळं काय होतं? शेवटच्या फेरीपर्यंत कुणीतरी त्याच्या पाठीला चिकटून धावत होतं. ख्रिस चॅटवे.

तोच. मदतीला नव्हे, प्रतिस्पर्धी म्हणून. पण मागे पावलं वाजत होती.

पुढच्या वर्षी, २८ मे १९५५ ला, लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर एकाच शर्यतीत तिघांनी चार मिनिटं मोडली: हंगेरीचा लास्लो ताबोरी ३:५९.०, आणि दोन इंग्रज, दोघेही ३:५९.८. त्यांतला एक ब्रायन ह्यूसन. दुसरा कोण हे तुम्ही ओळखलं असेल. म्हणजे जगातले पहिले पाच जण चार मिनिटांच्या आत मैल धावले ते तीन शर्यतींत, आणि त्या तीनही शर्यतींत चॅटवे धावत होता. भिंत विश्वासाने पडते की चॅटवेने, असा प्रश्न मला कुणी विचारला तर आकडे चॅटवेच्या बाजूने आहेत. (सॅम्पल साइझ तीन आहे, हे मला मान्य आहे. रीलवाल्यांची सॅम्पल साइझ एक आहे.)

तर मूळ प्रश्न. खोटी पण उपयोगी गोष्ट.

ससा-कासवाची गोष्ट खरी असल्याचा दावा करत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. बॅनिस्टरची गोष्ट मात्र पुरावा म्हणून सांगितली जाते. तारीख, सेकंद, सदतीस जण. 'हे घडलेलं आहे' हाच तिचा जोर. तो काढून घेतला तर उरतं 'मनात आणलं तर काहीही शक्य आहे', आणि या वाक्यासाठी कुणी प्रोजेक्टर लावत नाही. म्हणजे सांगणारा खरेपणाची पत वापरतो आणि खरेपणाचं ओझं उचलत नाही.

हेही मी एक वेळ सोडून देईन. खरी अडचण पुढे आहे. 'बॅनिस्टर जिंकला कारण त्याने विश्वास ठेवला' हे वाक्य एकटं राहत नाही. त्याची मागची बाजू आपोआप येते: जो पोचला नाही त्याने विश्वास ठेवला नाही. हेगचा विश्वास कमी पडला, लँडीचा १९५३ पर्यंत कमी पडला, तुझा या क्वार्टरला कमी पडला. विश्वास मोजायला घड्याळ नसतं, म्हणून हे कुणाला खोडूनही काढता येत नाही. जमलं तर विश्वास होता, नाही जमलं तर नव्हता. ही गोष्ट सांगणारा कधी हरतच नाही.

गंमत बघा, धावपटूंच्या जगाने स्वतः किती काटेकोरपणा दाखवला होता. वर्षभर आधी, जून १९५३ मध्ये, लंडनजवळच्या मॉट्स्पर पार्कला शाळकरी मुलांच्या स्पर्धांच्या अधेमधे एक मैलाची शर्यत घुसवली गेली. धावणारे तीन: बॅनिस्टर, ऑस्ट्रेलियाचा डॉन मॅकमिलन आणि ब्रॅशर. मॅकमिलनने अडीच फेऱ्या ओढलं. ब्रॅशर मुद्दाम रमतगमत धावत होता, इतका की बॅनिस्टर एक अख्खी फेरी पुढे जाऊन त्याला मागून गाठेल. मग त्या ताज्या दमाच्या ब्रॅशरने उरलेला मैल त्याला पुढे राहून नेलं. वेळ लागली ४:०२.०. ब्रिटिश मंडळाने ती विक्रम म्हणून मानायला नकार दिला. ही खरी स्पर्धा नव्हती, म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, असं मला वाटतं. इफ्ली रोडला ब्रॅशर पहिल्या पावलापासून सगळ्यांबरोबर होता, जमेल तोवर खरोखर पुढे धावला आणि मग मागे पडला. दोन्हींत मदत आहे. एका मदतीसाठी शर्यतीचं सोंग करावं लागलं, दुसरीसाठी नाही. रेघ बारीक आहे, वाद घालता येईल. पण त्यांनी ती ओढायचे कष्ट घेतले. मदत झाली हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी ते लपवत नव्हतं, आणि कितपत चालेल यावर मोठी माणसं बैठका घेत होती. सत्तर वर्षांनी त्यांच्या नावाने स्लाइड बनवणाऱ्यांनी अख्खे ससेच पुसून टाकले.

चौथ्यांदा मी ही गोष्ट ऐकली ती आमच्या एका प्रोजेक्टच्या सुरुवातीला. जुनी बिलिंग सिस्टिम नव्वद दिवसांत नवीनवर न्यायची होती. इस्टिमेट आम्ही सहा महिन्यांचं दिलं होतं. टाउनहॉलमध्ये बॅनिस्टरची स्लाइड आली, डोक्याला बोट लागलं, आणि नव्वद दिवस ठरले.

आमच्या टीममध्ये एक सीनियर होती. सगळे तिला ताई म्हणायचे. नवीन कोड आम्ही लिहीत होतो आणि त्या काळात जुनी सिस्टिम चालू ठेवायचं काम ताईकडे होतं. रात्रीचे अलर्ट तिच्या फोनवर यायचे. जुन्या कोडमधल्या कुठल्या विचित्र अटीमागे कुठल्या ग्राहकाची काय कहाणी आहे, हे फक्त तिला माहीत होतं, आणि ती ते न कंटाळता पाच-पाच वेळा सांगायची. दुसऱ्या महिन्यात आम्हाला घाईघाईत एक भाग थेट लाइव्ह करायचा होता. ताईने अडवलं. टेस्ट पूर्ण झाल्याशिवाय नाही, म्हणाली, आणि वरून फोन आला तरी हटली नाही. त्या टेस्टमध्ये जे सापडलं ते लाइव्ह गेलं असतं तर लोकांना दुप्पट बिलं गेली असती. ब्रॅशरबद्दल वाचताना मला ती संध्याकाळ आठवते. मागून 'जोरात' असं ओरडणारे आम्हीच होतो.

प्रोजेक्ट एकशेदहा दिवसांत झालं. त्याला यश म्हटलं गेलं. नव्या सिस्टिमच्या इतिहासात कमिट कुणाचे हे बघितलं तर माझी आणि आणखी दोघांची नावं रांगेने दिसतात, ताईचं क्वचित. वर्षअखेरच्या फॉर्ममध्ये 'इम्पॅक्ट' असा रकाना असतो. तिच्यासाठीच्या अभिप्रायात मी हे सगळं लिहिलं होतं, बाकीच्यांनीही लिहिलं होतं. तिला मधलं रेटिंग मिळालं. पुढच्या वर्षी कपात झाली तेव्हा रेटिंग बघून यादी झाली आणि तिचं नाव यादीत होतं.

शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी तिला म्हटलं, ताई, तू काय केलंस हे कुणाला दिसलंच नाही. ती म्हणाली, "अरे, माझं काम दिसायला लागलं तर समजायचं काहीतरी बिघडलंय." आणि हसली. मला हसता आलं नाही.

आजच्या व्यावसायिक शर्यतींत ससे ठरवून बोलावले जातात, त्यांना पैसे मिळतात, आणि ठरलेलं अंतर झालं की ते बाजूला होतात. मग निकालपत्रकात त्यांच्या नावापुढे काय लिहिलं जातं? 'डीएनएफ'. शर्यत पूर्ण केली नाही. ज्याने सांगितलेलं काम सेकंदाच्या हिशोबाने चोख केलं, त्याच्या नावापुढे. पण तिथे तो शिक्का वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत असतो. ऑफिसमध्ये नसतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. मदत सगळ्यांनाच मिळते, म्हणून काय कर्तृत्व कुणाचंच नाही? ब्रॅशर आणि चॅटवे दोघांनाही त्या दिवशी ३:५९ धावता आलं नसतं. शेवटची ती अर्धी-पाऊण फेरी बॅनिस्टर एकटाच धावला, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. ते त्याचंच. मला ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. आणि उलट टोकाला जाऊन 'हे टीमचं यश आहे' असं म्हणणं मला तितकंच खोटं वाटतं, कारण त्यात कुणी काय केलं ते पुन्हा एकदा पुसलं जातं. इफ्ली रोडला 'टीम' नव्हती. एक माणूस पहिल्या फेरीत ओरडण्याला बधला नाही. दुसऱ्याने, स्वतःचा दम संपत आलेला असताना, तिसरी फेरी पडू दिली नाही. तिसऱ्याने उरलेलं पूर्ण केलं. ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि तिन्हींची नावं घेता येतात. बॅनिस्टरने ती आयुष्यभर घेतली.

मला जास्त छळणारा प्रश्न दुसराच आहे: सशाची पाळी कधी येते? त्या दोघांची आली. चॅटवेने त्याच १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये व्लादिमिर कुट्सला हरवून पाच हजार मीटरचा विश्वविक्रम केला. बीबीसीने त्या वर्षी पहिल्यांदाच 'वर्षातला खेळाडू' निवडला, तो चॅटवे, बॅनिस्टर नव्हे. (गिनेसच्या दारू कारखान्यात तो नोकरी करायचा. विक्रमांचं पुस्तक काढायची कल्पना तिथे निघाली तेव्हा त्याने मॅक्वर्टर जुळ्या भावांची नावं सुचवली. हाही माणूस कुठे-कुठे असावा!) ब्रॅशरने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं, ज्याची कुणी अपेक्षाच केली नव्हती, आणि पुढे लंडन मॅरेथॉन सुरू करणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. मित्राला पुढे नेणं हा त्यांच्या आयुष्यातला एक दिवस होता. ताईची पाळी आली नाही. तिला ससा म्हणून कुणी विचारून नेमलंही नव्हतं. समजूतदार होती, म्हणून ते काम तिच्याकडे सरकत गेलं. आपण मित्राला केलेली मदत आणि आपल्या गळ्यात पडलेली मदत बाहेरून सारखीच दिसते. मला अजून खात्रीने सांगता येत नाही की तिला यात काय देणं लागत होतं आणि कोण. पण बॅनिस्टरच्या स्लाइडवर ससे असते, तर निदान 'आमच्या प्रोजेक्टमधला ससा कोण' हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणाला तरी पडला असता.

आणि विश्वासाचं म्हणाल, तर त्याची इतकी स्वच्छ चाचणी क्वचित होते, जेवढी २६ जून २०२५ ला पॅरिसच्या स्टाद शार्लेतीवर झाली. केनियाची फेथ किप्येगॉन. मैलात स्त्रियांचा विश्वविक्रम तिचाच, ४:०७.६४. चार मिनिटांच्या आत मैल धावलेली एकही स्त्री अजून नाही, आणि ते करायला ती उतरली. पंधराशे मीटरची तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं गाठीला, अंगावर त्यासाठीच बनवलेला पोशाख, पायात त्यासाठीच बनवलेले बूट, पुढेमागे मिळून तेरा ससे, वारा अडेल अशा आखलेल्या रांगेत. ससे बहुतेक पुरुष, त्यामुळे वेळ काहीही लागली तरी अधिकृत विक्रम होणारच नव्हता, आणि हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं होतं. मनात शंका असलेली बाई असं जगासमोर उभी राहत नाही. तिला वेळ लागली चार मिनिटं सहा सेकंदांहून थोडी जास्त. सहा सेकंद आणि वर थोडं कमी पडलं. स्वतःच्या विक्रमाहून जास्त वेगाने धावूनसुद्धा.

तिचा विश्वास कमी पडला, असं तिच्या तोंडावर सांगायची हिंमत त्या स्लाइडवाल्यांपैकी कुणाची होईल?

नऊ दिवसांनी, ५ जुलैला, अमेरिकेत यूजीनला ती नेहमीच्या स्पर्धेत पंधराशे मीटर धावली. ३:४८.६८. नवा विश्वविक्रम.